चार वर्षांची कंबरदुखी: ऑपरेशन करू की सोसत राहू?

पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यातून ४४ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या सांगत गेल्या आणि बारावीतल्या मुलीनं मोबाइलवर टाइप केलं. घरची पाच एकर कोरडवाहू जमीन, कापूस आणि ज्वारी. चार वर्षांपूर्वी सरकी ढेपेचं पोतं उचलताना कमरेत कळ आली, ती आजतागायत गेलेली नाही. दुखणं कमरेत असतं, कधी कुल्ल्यापर्यंत जातं. पायात उतरत नाही, मुंग्या येत नाहीत. एमआरआय झाला. "मणक्यात गॅप आहे, गादी सरकली आहे," असं सांगण्यात आलं. एका डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, दुसऱ्यांनी गरज नाही म्हटलं, तिसऱ्यांनी "विशेष काही नाही, टेन्शन घेऊ नका" म्हणून परत पाठवलं. शेजारीण म्हणते, पिशवी काढून टाक म्हणजे कंबर थांबेल. गावात सुई घेतली की दोन दिवस बरं वाटतं. दिवसभर पट्टा बांधलेला असतो. वेचणीला जाणं बंद झालं आहे, पाणी भरणं मुलीकडे गेलं आहे, यंदा अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) त्या माहेरीही गेल्या नाहीत. सासूबाई म्हणतात, "काम दिखनं का हिनी कंबर दुखस." यजमान ऑपरेशनसाठी उसनवारीच्या तयारीत आहेत. ताई विचारतात: "ऑपरेशन करून टाकू का? आणि हे माझ्या मनाचंच असेल तर मग मी काय करायचं?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तो मनात सलत असेपर्यंत पहिल्याचं उत्तर नीट ऐकू येणार नाही. तुमची कंबर खरोखर दुखते. रिपोर्टमध्ये काय आहे, काय नाही, यावर ते अवलंबून नाही. वेदनेवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० मध्ये वेदनेची व्याख्या नव्यानं मांडली, आणि त्यासोबत स्पष्ट लिहिलं की माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्याला दीर्घकालीन वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात अशी वेदना हा स्वतःच एक आजार म्हणून नोंदवला आहे. दुसऱ्या कुठल्या आजाराचं लक्षण म्हणून नव्हे, स्वतंत्र आजार म्हणून. "काही सापडलं नाही" याचा अर्थ "काही झालेलं नाही" असा होत नाही.

पण तुमच्या पत्रात एक गृहीत धरलेलं आहे, त्यावर जरा थांबू या. तुमच्या समोर दोनच वाटा आहेत असं तुम्हाला वाटतं: मणका खराब असेल तर ऑपरेशन, मणका ठीक असेल तर मनाचे खेळ. ऑपरेशन सुचवणारे पहिल्या बाजूला, टेन्शन घेऊ नका म्हणणारे दुसऱ्या बाजूला, आणि तुम्ही मध्ये चार वर्षं. या दोन्हींच्या पलीकडे तिसरी गोष्ट असते आणि बहुतेक जुनी कंबरदुखी तिथेच मोडते.

तुम्ही वर्षानुवर्षं कापूस वेचला आहे. बोंडाची वाळलेली टोकं बोटांना टोचतात, रक्तही येतं. वेचताना ते लक्षातही येत नाही. संध्याकाळी ठेचा करायला घेतला आणि मिरची झोंबली की कळतं, अरे, बोटं फाटली आहेत. जखम सकाळची, दुखणं संध्याकाळचं. म्हणजे इजा आणि वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंगातून निघालेला निरोप पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जातो, तिथे तो पुढे किती सोडायचा हे ठरतं, आणि शेवटी दुखायचं की नाही, किती दुखायचं, हे मेंदू ठरवतो. कण्यातल्या या दाराची कल्पना मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडली. पुढे १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखवलं की इजेनंतर मज्जारज्जूतल्या नसपेशी इतक्या संवेदनशील होऊ शकतात की एरवी न दुखणारा स्पर्शही दुखायला लागतो.

मक्याच्या शेतात एकदा रानडुकरं घुसून नासधूस करून गेली की राखणदार पुढे कित्येक रात्री पान हललं तरी ओरडत उठतो. तो खोटं बोलत नसतो आणि नाटकही करत नसतो. त्याचा धसका खरा असतो. पण आज शेतात डुक्कर नाही, हेही खरं असतं. तुमच्या कमरेचं बऱ्याच अंशी असं झालं आहे. पोतं उचलताना झालेली इजा केव्हाच भरून आली असणार; स्नायू आणि स्नायुबंध बरे व्हायला चार वर्षं लागत नाहीत. मागे राहिली ती जागी झालेली यंत्रणा, जी वाकणं, बसणं, हंडा उचलणं या साध्या हालचालींनाही धोका समजते. झोपमोड, कर्जाची काळजी, घरातली टोचणी, "आता मी कामाची राहिले नाही" हा विचार, या सगळ्यांनी ती आणखी तापते. काळजीनं दुखणं वाढतं म्हणजे दुखणं काळजीतून जन्मलं, असा अर्थ कुणी काढला तर तो चुकीचा आहे. मेंदू आणि नसा हेही शरीरच आहे.

आता तो एमआरआय. "गॅप" या एका शब्दानं खान्देशातल्या किती बायकांचं वेचणी-निंदणीला जाणं थांबवलं आहे, ते मी रोज पाहते. वय वाढतं तशा मणक्यांमधल्या गाद्या सुकतात, थोड्या फुगतात, जागा कमी होते. ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. चाळिशीतल्या, काहीही दुखत नसलेल्या माणसांपैकी ६८ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या आणि निम्म्यांच्या फुगलेल्या. विशीतल्या पोरांमध्येसुद्धा ३० टक्क्यांची गादी फुगलेली होती. तुमच्या वयाच्या, धडधाकट वेचणी करणाऱ्या दहा बायांना उद्या मशीनमध्ये घातलं तर त्यातल्या अनेकींच्या रिपोर्टवर तुमच्या रिपोर्टसारखेच शब्द येतील. केस पांढरे झाले म्हणून कुणी ऑपरेशन करत नाही. माझा राग त्या शब्दांवर नाही, ते ज्या पद्धतीनं सांगितले जातात त्यावर आहे. फिल्म उजेडात धरून "बघा, मणका गेला" म्हणायला अर्धं मिनिट लागतं, आणि ऐकणारी बाई पुढची चार वर्षं वाकायला घाबरते.

एमआरआय निरुपयोगी आहे, असं मात्र मी म्हणत नाही. काही खुणा दिसल्या की तो तातडीनं लागतो, आणि या खुणा प्रत्येक वाचकानं लक्षात ठेवाव्यात. बसायच्या जागेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, पाय लुळा पडायला लागला, चालताना चप्पल निसटून मागेच राहते आणि कळत नाही, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं, सकाळची वाट पाहायची नाही. बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं आणि कुशी बदलूनही न थांबणारं दुखणं असेल तर मणक्याचा टीबी तपासायलाच हवा. आपल्या भागात तो दुर्मीळ नाही, आणि टीबीचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पूर्वी कॅन्सर झालेला असेल, पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल किंवा बरेच महिने स्टेरॉइड घेतलेलं असेल तरीही तपासणी हवी. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही. पण पत्रावरून मी तुम्हाला तपासलेलं नाही, म्हणून हे प्रश्न तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला समोरासमोर विचारलेच पाहिजेत.

ऑपरेशनचं म्हणाल तर सरसकट नको म्हणणारी मी नाही. सरकलेल्या गादीनं नस दाबली असेल, दुखणं कमरेपेक्षा पायात जास्त असेल, पायाची ताकद कमी होत असेल, तिथे ऑपरेशनचा उपयोग होतो, कधी ते फार गरजेचं असतं. त्यातही एक बारकावा आहे. नेदरलँड्समध्ये पायात उतरणाऱ्या तीव्र दुखण्याच्या रुग्णांवर अभ्यास झाला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर ऑपरेशन केलेल्यांना आराम लवकर पडला. मात्र वर्षाच्या शेवटी, आधी वाट पाहिलेले आणि आधी ऑपरेशन केलेले यांच्यात फारसा फरक उरला नाही. वाट पाहणाऱ्यांपैकी काहींना पुढे ऑपरेशन लागलं, पण बऱ्याच जणांना लागलं नाही. सरकलेली गादी अनेकदा आपोआप आकसते.

तुमचं दुखणं पायात उतरतच नाही. नुसत्या कमरेच्या जुन्या दुखण्यासाठी मणक्याचं ऑपरेशन हा खात्रीचा उपाय नाही, आणि शिस्तीनं केलेल्या व्यायामापेक्षा त्याचा फायदा फार मोठा असल्याचं दिसलेलं नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: उसनवारी आत्ता थांबवा. ऑपरेशन सुचवणाऱ्या डॉक्टरांकडे यजमानांना सोबत घेऊन पुन्हा एकदा जा आणि शांतपणे विचारा. माझी कुठली नस दबली आहे? ती दबल्यामुळे माझी कोणती तक्रार आहे? ऑपरेशन न केल्यास काय बिघडेल? केल्यावर वेचणी करता येईल का, आणि किती महिन्यांनी? चांगले सर्जन या प्रश्नांवर चिडत नाहीत. उत्तर गोलमोल आलं तर धुळ्याचं हिरे वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे, जळगावलाही सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या अस्थिरोग विभागात दुसरं मत घ्या. जाताना जुन्या फिल्म आणि सगळ्या चिठ्ठ्या सोबत न्या.

पिशवीबद्दल दोन वाक्यांत सांगते, पण ती तुमच्या शेजारणीलाही ऐकवा. गर्भाशयाचा स्वतःचा काही आजार नसताना केवळ कंबर दुखते म्हणून पिशवी काढणं हा उपचार नव्हे. पिशवी काढली की पाळी लगेच थांबते, अंडाशयांचं कामही वेळेआधी बंद पडू शकतं, आणि सोबत अंडाशयही काढले तर हाडं लवकर ठिसूळ होतात. अंगावरून जास्त जात असेल, ओटीपोटात दुखत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा, पण ती वेगळी तक्रार म्हणून.

सुईवर मला जास्त बोलायचं आहे. त्या सुईत बहुधा डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक असतं, कधी त्यात स्टेरॉइडही मिसळलेलं असतं. दोन दिवस बरं वाटतं हे खरं, पण मूळ यंत्रणा तशीच राहते, आणि दर सुईगणिक मेंदू एक गोष्ट शिकतो की माझ्या हातात काही नाही, आराम बाहेरूनच येतो. शरीराची किंमत वेगळीच. ही औषधं वारंवार घेतली तर पोटात व्रण होऊ शकतो, रक्तदाब वाढू शकतो, मूत्रपिंडं खराब होऊ शकतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. घाम गाळून अंगातलं पाणी आटलेलं असताना, शेतात लघवीला आडोसा नाही म्हणून बायका पाणी पीत नाहीत अशा वेळी, वरून ही औषधं, म्हणजे मूत्रपिंडावर दुहेरी मार. पुढच्या वेळी सुई घ्यायचीच वेळ आली तर तिचं नाव कागदावर लिहून मागा. लिहून द्यायला कुणी तयार नसेल तर ती घेऊ नका. बाजारात कंबर-गुडघ्यासाठी मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांचंही तसंच. "दोन डोसांत पळायला लागाल" अशा पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड सापडतं. अशी पुडी कुणी महिनोन्‌महिने घेत असेल तर ती एकदम बंदही करू नका, त्यानं चक्कर येऊन माणूस कोसळू शकतो. डॉक्टरांना दाखवून हळूहळू सोडायची.

काही डॉक्टर जुन्या दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलॉक्सेटिनसारख्या गोळ्या देतात. औषधाच्या दुकानात कुणीतरी "ही तर डिप्रेशनची गोळी" म्हणतं आणि घरी वादळ उठतं. या गोळ्या मेंदूकडून कण्याकडे येणाऱ्या, वेदना दाबणाऱ्या वाटा बळकट करतात; नसांच्या दुखण्यात, अंगभर दुखण्यात त्यांचा उपयोग होतो. नुसत्या कंबरदुखीत त्या सगळ्यांना लागत नाहीत. दिल्या तर का दिल्या ते विचारा, पण तुम्हाला वेडं ठरवलं असं समजू नका. या वयात थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि साखर एकदा तपासून घ्या. उणीव असेल तर ती भरून काढायची, नसेल तर उगाच महिनोन्‌महिने गोळ्या खायच्या नाहीत.

आता पट्टा. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. जगात २०२० मध्ये ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, म्हणजे तेरा माणसांमागे एकाला, इतका हा प्रश्न मोठा आहे. त्या सूचनांमध्ये पट्टे नेहमी वापरू नयेत असं सांगितलं आहे, वजन लावून ताणणंही नको म्हटलं आहे. हवं काय, तर दुखण्याची नीट समज, व्यायाम, मनाला आधार देणारे उपचार, मालिशसारखे काही हाताचे उपचार आणि गरजेपुरतं वेदनाशामक. म्हणून फिजिओथेरपीला गेलात आणि दहा दिवस नुसतं मशीनखाली झोपवलं, तर विचारा, "मला व्यायाम कधी शिकवणार?" पट्टा मात्र उद्याच फेकू नका. दिवसभराचा अर्ध्या दिवसावर आणा, मग फक्त जड कामाला, मग तोही सोडा.

तुमच्या आठवड्याबद्दल तुम्ही लिहिलंय, "एखाद्या दिवशी बरं वाटलं की सगळं घर आवरून काढते, गोधड्या धुते, मग तीन दिवस उठता येत नाही." जुन्या दुखण्याच्या जवळजवळ प्रत्येक घरात मला हेच चक्र दिसतं. बऱ्या दिवशी डोंगर उपसायचा आणि वाईट दिवशी आडवं व्हायचं. यानं शरीर दोन्हीकडून हरतं: अतिश्रमानं यंत्रणा भडकते, आणि पडून राहिल्यानं स्नायू सुकतात.

हे चक्र मोडायचं ते असं. तीन दिवस मुलीच्या मोबाइलवर घड्याळ लावून बघा, सलग किती वेळ चालल्यावर दुखणं ठळकपणे वाढतं. समजा बारा मिनिटं आली, तर सुरुवात नऊ मिनिटांनी करा. रोज नऊ. बरं वाटलं तरी नऊच, दुखलं तरी नऊच. आठवड्याभरानं दहा किंवा अकरा. वेळ दुखण्यानं ठरवायची नाही, घड्याळानं ठरवायची. यातच सगळी मेख आहे. उन्हाळ्यात पहाटे चाला, सोबत कुणी असेल तर उत्तम. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ लोकांवर केलेला अभ्यास २०२४ मध्ये आला. ज्यांना चालण्याचा कार्यक्रम आणि थोडं मार्गदर्शन मिळालं, त्यांची कंबर पुन्हा धरायला मधे २०८ दिवस गेले. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्यात ११२. चालायला पैसे लागत नाहीत, म्हणून त्याला कुणी औषध म्हणत नाही.

वाकण्याची भीतीही अशीच घालवायची. खाटेच्या कडेवर बसा, दोन्ही हात गुडघ्यावरून नडगीवर घसरवत खाली न्या, जमेल तिथे थांबा, सावकाश वर या. पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. थोडं ओढलं, थोडं दुखलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवसापर्यंत ते मूळपदावर आलं तर काही बिघडलेलं नाही. काही आठवड्यांनी जमिनीवरचं ताट उचला, मग पाण्याचा तांब्या, मग अर्धी कळशी. भरलेल्या हंड्याची घाई नको. भाकरी थापायला खाली चुलीशी बसणं जड जात असेल तर काही दिवस ओट्यावर उभं राहून करा, पण अधूनमधून खाली बसायची सवय मोडू देऊ नका. खाली बसून उठणं हाच एक व्यायाम आहे.

वेचणीला परत जायचं की नाही, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या पत्रात ती हुरहूर आहे. वेचणीत खरा ताण वाकण्यापेक्षा ओटीचा असतो. कमरेला बांधलेलं फडकं भरत जातं, वजन पुढे लोंबतं, आणि तरीही बाई ओटी काठोकाठ भरेपर्यंत बांधावर जात नाही, कारण मजुरी किलोवर असते आणि चकरा मारण्यात वेळ जातो. घरच्या शेतात तुम्हाला ही घाई नाही. अर्धी ओटी झाली की रिकामी करा. पहिल्या आठवड्यात एक ओळ, तीही घड्याळ लावून. ओळीच्या टोकाला उभं राहून हात कमरेवर ठेवा आणि दोनदा मागे वाका. दसऱ्यानंतर वेचणी सुरू होईल, तोवर चालणं आणि वाकणं अंगात मुरलं असेल तर हे जमण्यासारखं आहे. पूर्ण दिवस भरलाच पाहिजे असं नाही.

झोपेचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण ते ओझरतं नाही. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी वेदना वाढते, आणि वेदनेनं पुन्हा झोप मोडते. रात्री दहानंतर चहा नको, दुपारची झोप अर्ध्या तासाच्या पुढे नको, उठायची वेळ रोज एकच.

सासूबाईंचं बोलणं लागतं, ते लागणारच. पण त्यांनी तुमच्या वयात हेच काम केलं, कदाचित कंबरही अशीच दुखली असेल, आणि तेव्हा त्यांना कुणी विचारलं नसेल. त्यांना खोटं पाडायला जाऊ नका. एकदा दुपारी निवांत बसवून विचारा, "तुम्हाला या वयात काय काय दुखायचं?" मग तुमचं सांगा. आणि त्यांना न दिसणारं दुखणं त्यांनी मानावं यापेक्षा, दिसणारं काम मान्य करावं, एवढंच आधी मागा: मी रोज इतकं करणार, त्याच्यावर करणार नाही, आणि त्याच्या खालीही येणार नाही.

यजमानांना एक विनंती. त्यांनी उसनवारीची तयारी केली, म्हणजे त्यांना तुमची काळजी आहे. ती काळजी आता वेगळ्या रस्त्यानं लावा: सकाळी सोबत चाला. घरातल्या कुणीही रोज उठून "आज दुखतंय का?" विचारू नका. या प्रश्नानं लक्ष पुन्हा पुन्हा कमरेकडेच जातं. "आज कुठपर्यंत जाऊन आलीस?" असं विचारा. बाळा, तू हे पत्र लिहिलंस, तुझं खरंच कौतुक. पण तुझं बारावीचं वर्ष आहे. पाणी आणि स्वयंपाक दोन्ही तुझ्याकडे असतील तर त्यातलं एक काम बाबांकडे जाऊ दे. आईला बरं वाटेल ते तू अभ्यासाला बसलेली पाहून.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "कधीकधी वाटतं, या देहाचा आता काय उपयोग." ताई, हे वाक्य मी वाचून पुढे जाऊ शकत नाही. जुन्या दुखण्यासोबत उदासी येते, फार जणांना येते, आणि तिच्यावर उपचार असतात. जगणं नको असा विचार येत असेल, एकदाही आला असेल, तर तो घरात एका माणसाला आजच सांगा आणि १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, मोफत, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. तिथे बोललं म्हणजे कंबरदुखी मनाची ठरत नाही.

आणि हे ठरवून ठेवा: हे सगळं नीट चालू असतानाही एखाद्या दिवशी कंबर पुन्हा धरेल. निंदणीत, लग्नघरी, एसटीच्या धक्क्यात, कधीही. तेव्हा सगळं वाया गेलं असं वाटेल आणि पाय सुईच्या दवाखान्याकडे वळतील. त्या दिवसासाठी आत्ताच कागदावर लिहून भिंतीला लावा. दोन दिवस चालणं निम्मं करायचं, बंद करायचं नाही. गरम पाण्याची पिशवी पंधरा मिनिटं. डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलेली गोळी, तेवढीच. गरजेपुरती विश्रांती, दिवसभर खाट नाही. तिसऱ्या दिवशी तुमची ठरलेली मिनिटं पुन्हा सुरू. लघवी, शौचावरचा ताबा, बधिरपणा किंवा पायाची ताकद यात बदल वाटला तरच रुग्णालय, आणि मग मात्र लगेच. तीन महिन्यांनी कागदावरची मिनिटं कुठवर आली, ते मुलीकरवी मला कळवा. तेवढ्यावरून पुढचं ठरवता येईल.